पाण्याखालील कॅमेरा आणि भेटीचा प्रश्न : तीन सागरी अनुबोधपटांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

समुद्राच्या पोटातील जीवसृष्टी आज मराठी प्रेक्षकाला अपरिचित राहिलेली नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी ती घराघरांत आणली आणि पदवी स्तरावर पर्यावरणाचा अभ्यास अनिवार्य झाल्यानंतर ती महाविद्यालयाच्या वर्गखोलीतही आली. प्रवाळाच्या बागा, झुंडीने वळणारे मासे, पाणबुड्याच्या चेहऱ्यासमोर येऊन थबकणारा एखादा मोठा जीव ही दृश्ये विद्यार्थ्यांसमोर ठेवली जातात ती मात्र प्रायः माहिती म्हणून. पडद्यावर जे दिसते ते समुद्रात तसेच असते, हे गृहीत धरले जाते. कथापटाची समीक्षा करताना दिग्दर्शकाचा दृष्टिकोन, चौकटीची रचना आणि संकलनातील निवड यांचा कसून विचार करणारा अभ्यासक निसर्गविषयक अनुबोधपटासमोर आला की आपली ही सारी साधने बाजूला ठेवतो, असे दिसून येते.

वस्तुतः पाण्याखालील चित्रण हे जमिनीवरील चित्रणापेक्षा कमी नव्हे, तर अधिकच रचलेले असते. शिवाय त्यात आणखी एक प्रश्न अंतर्भूत आहे. स्कूबाचे साहित्य पाठीवर बांधून, कॅमेरा हाती घेऊन माणूस ज्या ठिकाणी उतरतो ते त्याचे घर नव्हे. तेथे जो जीव त्याला भेटतो त्याच्या दृष्टीने हा माणूस एक मोठा, आवाज करणारा, प्रकाश फेकणारा प्राणी असतो. या प्रसंगाला आपण सहजपणे 'भेट' म्हणतो. परंतु भेटीसाठी दोन बाजू लागतात. अनुबोधपट त्यांपैकी किती बाजू दाखवतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अनुषंगाने तीन कलाकृतींचा विचार येथे केला आहे : झाक कूस्तो आणि लुई माल यांचा 'ल मोंद द्यु सिलांस' अर्थात 'मौनाचे जग' (१९५६), बीबीसीच्या 'द ब्लू प्लॅनेट' (२००१) व 'ब्लू प्लॅनेट २' (२०१७) या मालिका आणि 'माय ऑक्टोपस टीचर' (२०२०). या तिन्हींत माणूस आणि सागरी जीव यांच्यातील संबंधाच्या तीन भिन्न भूमिका आढळतात. पहिल्यात पाणबुड्या विजेता आहे, दुसऱ्यात तो अदृश्य आहे आणि तिसऱ्यात तो शिष्य आहे. ही वाटचाल क्रौर्याकडून करुणेकडे झाली, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य मानावा, हे तपासणे आवश्यक आहे.

१. पाण्याखाली पाहणे : माध्यमाचे स्वरूप

पाण्याखाली छायाचित्र घेण्याचा प्रयत्न जुना आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये बान्युल येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली होती. झाँ पँलव्हे यांनी १९३० च्या दशकात समुद्री घोड्यावर केलेल्या लघुपटाचा काही भाग काचेच्या टाकीत चित्रित केला होता. कूस्तो यांचा १९४२ चा पहिला लघुपट श्वास रोखून घेतलेल्या बुड्यांतून तयार झाला. १९४३ मध्ये कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी 'अ‍ॅक्वालंग' हे उपकरण सिद्ध केले आणि परिस्थिती पालटली. पाठीवरच्या नळकांड्यातील दाबयुक्त हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, हवी तेव्हा आणि हवी तेवढी पाणबुड्याला मिळू लागली. नळीने जहाजाशी बांधलेला माणूस मुक्त झाला. त्याला वेळ मिळाला, दोन्ही हात मोकळे मिळाले. आणि कॅमेऱ्याला नेमके हेच हवे होते.

परंतु ही मुक्तता सशर्त होती. प्रत्येक दहा मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाणी प्रकाशातील तांबडा रंग प्रथम शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खाली गेल्यावर तांबडा प्रवाळ काळपट वा राखाडी दिसू लागतो. कृत्रिम दिवा लावताच तोच प्रवाळ लालभडक होतो. यांपैकी खरा रंग कोणता? ज्या माशांमध्ये तो प्रवाळ वाढतो त्यांच्या जगात तो तांबडा बहुतांशी नसतोच. तो पाणबुड्याने सोबत नेलेला असतो. सपाट काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे एक चतुर्थांश जवळ भासते. म्हणजे अंतर आणि रंग, ज्यांवर दृश्य उभे राहते त्या दोन्ही गोष्टी, पाण्याखाली माणसाच्या साधनांनी ठरतात.

ध्वनीची स्थिती याहून लक्षणीय आहे. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने प्रवास करतो आणि समुद्र मुळीच मूक नसतो. कोळंबीच्या काही जाती नांगी मिटताना मोठा चटचट आवाज करतात, पोपटमासे प्रवाळ कुरतडताना ऐकू येतात, देवमाशांची गीते तर १९७० मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्धही झाली. याउलट नेहमीच्या स्कूबा साहित्यातून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बुडबुड्यांचा लोट मोठ्या आवाजासह बाहेर पडतो. समुद्राला मौनाचे जग म्हणणारा पाणबुड्या आपल्या सभोवतालचा सर्वांत गोंगाट करणारा जीव असतो, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. पडद्यावर मात्र हा गोंगाट बहुधा पुसला जातो आणि त्याच्या जागी संगीत येते.

तात्पर्य, पाण्याखालची प्रत्येक चौकट ही हस्तक्षेपातूनच निर्माण होते. म्हणून हस्तक्षेप झाला किंवा नाही, हा समीक्षेचा प्रश्न होऊ शकत नाही. तो हस्तक्षेप कलाकृतीने मान्य केला किंवा लपवला, हा खरा प्रश्न आहे.

२. 'मौनाचे जग' : विजेत्याचा कॅमेरा

१९५६ मध्ये 'ल मोंद द्यु सिलांस'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि पुढे अनुबोधपटासाठीचे ऑस्करही लाभले. त्या वेळी सहदिग्दर्शक लुई माल अवघे तेवीस वर्षांचे होते. कूस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा यांच्या १९५३ च्या पुस्तकावरून चित्रपटाचे नाव घेतलेले आहे. एके काळी सुरुंग काढणारी नौका असलेल्या 'कॅलिप्सो' या जहाजावरून भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर या भागांत त्याचे चित्रीकरण झाले.

चित्रपटाचा प्रारंभ आजही प्रभावी वाटतो. हातात पेटत्या मशाली घेतलेले पाणबुडे निळ्या काळोखात एकामागून एक खाली उतरतात आणि त्यांच्यामागे बुडबुड्यांचे स्तंभ वर चढत जातात. पाण्यात अग्नी नेणाऱ्या माणसाची ही प्रतिमा पुढील सर्व घटनांची नांदी ठरते. आपण कोणाच्या प्रदेशात शिरत आहोत याविषयी कसलाही संकोच त्या प्रतिमेत नाही.

पुढे जे दिसते ते आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करते. पाणबुडे समुद्री कासवाला धरून त्याच्याबरोबर ओढले जातात. एका प्रवाळभित्तीवर सुरुंग लावला जातो. तेथील सर्व जातींची मोजदाद करण्याचा दुसरा उपाय नाही, असे त्याचे समर्थन निवेदनातून येते. मेलेल्या माशांचा खच, तसेच पोट फुगवून मरणपंथाला लागलेला केंड मासा कॅमेरा निर्विकारपणे टिपतो. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांच्या कळपात जहाज शिरते आणि एक पिलू जहाजाच्या पंख्यात सापडून घायाळ होते. त्याच्या यातना संपवण्यासाठी त्याला ठार केले जाते. रक्ताच्या वासाने शार्क जमतात आणि पिलाचे लचके तोडू लागतात. तेव्हा खलाशी त्या शार्कना आकड्यांनी ओढून डेकवर घेतात आणि मारून टाकतात. खलाशांच्या मनातील शार्कविषयीचा पूर्वापार द्वेष हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. ज्या अपघाताला माणूस जबाबदार होता त्याची शिक्षा शार्कना दिली जाते आणि ही विसंगती निवेदनाच्या लक्षातही येत नाही.

याच चित्रपटात 'जोजो' नावाचा हेकरू मासा आहे. पाणबुडे त्याला मांसाचे तुकडे भरवतात, तो त्यांच्या मागे फिरू लागतो, संगीताच्या साथीने त्याचे 'नृत्य' घडवले जाते. कालांतराने त्याची जवळीक इतकी वाढते की तो इतर माशांना खाद्यापर्यंत येऊच देत नाही. मग त्याला काही काळ पिंजऱ्यात ठेवले जाते. हा प्रसंग विनोदी म्हणून रचला आहे. तथापि सागरी जिवाशी झालेल्या 'भेटी'चे हे एक मूलभूत प्रारूप आहे : प्रथम आमिष, मग मैत्री, मग त्रास आणि अखेर पिंजरा.

२०१५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जेरार मोर्दिया यांनी या चित्रपटावर कठोर टीका केली आणि त्यातील प्राण्यांच्या वागणुकीवर फ्रान्समध्ये चर्चा झाली. तो काळच तसा होता, असा बचावही मांडला गेला. कूस्तो पुढे बदलले, हेही खरे आहे. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केला आणि नंतरची अनेक वर्षे सागररक्षणाच्या प्रचारात घालवली. परंतु समीक्षेच्या दृष्टीने आरोप आणि बचाव या दोहोंपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. 'मौनाचे जग' आपले हात लपवत नाही. मशाल, सुरुंग, आकडा, पिंजरा आणि मांसाचा तुकडा हे सर्व चौकटीत आहे. खोलीची धुंदी चढून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या प्रसंगासारखी काही दृश्ये रचलेली वाटतात. पण माणूस समुद्राशी कसा वागला, याविषयी तेथे लपवाछपवी नाही. हा प्रामाणिकपणा विवेकातून आलेला नाही. आपण काही चूक करीत आहोत याची जाणीवच नसल्यामुळे तो शक्य झाला आहे. असे असूनही, किंबहुना त्यामुळेच, दस्तऐवज म्हणून त्याचे मोल मोठे आहे. त्या पिढीचा समुद्राशी असलेला व्यवहार पुढील पिढीला त्यातून जसाच्या तसा पाहता येतो.

३. माल यांची पुढील दिशा : परत पाहणारी नजर

लुई माल पुढे कथापटांकडे वळले. पण अनुबोधपट त्यांनी सोडला नाही. १९६८ मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह भारतात आले आणि त्या प्रवासातून 'लाँद फाँतोम' ही सात भागांची मालिका १९६९ मध्ये तयार झाली. १९७० मध्ये बीबीसीने ती प्रक्षेपित केल्यावर भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला आणि बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय काही काळ बंद राहिले, हा इतिहास सुपरिचित आहे. त्या वादात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. या मालिकेच्या पहिल्या भागाचे शीर्षकच 'अशक्य कॅमेरा' अशा अर्थाचे आहे. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी माणसे त्या भागात वारंवार दिसतात, आणि आपण येथे कोणत्या अधिकाराने चित्रण करीत आहोत, हा प्रश्न माल स्वतःच्या निवेदनातून स्वतःला विचारतात.

कॅलिप्सोवरील तरुण सहदिग्दर्शकाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. माशाची नजर कॅमेऱ्याला जाब विचारत नाही. निदान माणसाला समजेल अशा भाषेत विचारत नाही. भारतातील शेतात काम करणाऱ्या स्त्रीची नजर तो विचारते. या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या असता असे म्हणता येईल की पाण्यात जे शिकता आले नाही ते माल यांना जमिनीवर शिकावे लागले. मालिकेतील भारतविषयक मतांशी सहमत होणे आवश्यक नाही; त्यांपैकी काही निश्चितच एकांगी आहेत. परंतु चित्रित होणाऱ्याची प्रतिक्रिया हा चित्रणाचाच भाग मानण्याची तिची पद्धत सागरी अनुबोधपटाच्या समीक्षेला एक उपयुक्त निकष पुरवते.

४. 'ब्लू प्लॅनेट' : अदृश्य पाणबुड्या

बीबीसीच्या 'द ब्लू प्लॅनेट' या आठ भागांच्या मालिकेत आणि तिच्या २०१७ मधील उत्तरभागात विजेत्या पाणबुड्याचा मागमूसही नाही. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे संयत निवेदन, भव्य वाद्यवृंद आणि निष्कलंक निळाई यांतून जो समुद्र उभा राहतो त्यात माणूस कोठेच नसतो. 'ब्लू प्लॅनेट २' साठी बुडबुडे न सोडणारी, उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा वापरणारी उपकरणे वापरली गेली. त्यामुळे पाणबुड्या तासन्‌तास शांतपणे पाण्यात राहू शकला आणि मासे त्याला कमी बुजले. तंत्राच्या दृष्टीने ही मोठी झेप होय, आणि त्यातून ज्ञानाची भरही पडली. ग्रेट बॅरियर रीफवरील टस्कफिश जातीचा मासा शिंपला तोंडात धरून ठरावीक प्रवाळापर्यंत नेतो आणि त्यावर आपटून फोडतो, हे दृश्य त्याचे उत्तम उदाहरण आहे. माशांच्या बुद्धीविषयीचे आपले सामान्य मत असे एक दृश्य बदलू शकते.

असे असले तरी या अदृश्यतेची किंमत मोजावी लागते. ज्या समुद्रात कोणीच पाहणारे नाही असा समुद्र आपण पाहत आहोत, असा आभास येथे निर्माण होतो. टस्कफिशच्या दातांचा आणि शिंपल्याच्या फुटण्याचा आवाज इतका स्पष्ट ऐकू येतो की प्रेक्षक तो प्रत्यक्ष स्थळी मुद्रित झाला असे मानतो; परंतु निसर्गपटांतील असे सूक्ष्म ध्वनी बहुतांशी ध्वनिमुद्रणगृहात तयार केले जातात. निवेदनातून प्राण्याला चिकाटी, धूर्तपणा, मातृत्व असे स्वभावविशेष बहाल होतात. माणूस चौकटीतून बाहेर जातो, पण त्याची मूल्ये आत राहतात.

'ब्लू प्लॅनेट २' च्या प्रत्येक भागाच्या अखेरीस चित्रीकरणाची हकीकत सांगणारा छोटा विभाग आहे. हा विभाग मालिकेच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून दाखवता येईल. तथापि त्याची जागा बोलकी आहे. आधी माणूसविरहित समुद्राचा संपूर्ण भ्रम, नंतर परिशिष्ट म्हणून माणसाच्या कष्टांची कथा. त्या कथेतही भर असतो तो पाणबुड्याच्या धाडसावर आणि चिकाटीवर; त्याच्या तेथे असण्याचा त्या जिवावर काय परिणाम झाला, यावर नव्हे. मालिकेच्या शेवटच्या भागात प्लास्टिक, तापमानवाढ आणि अतिरेकी मासेमारी यांसाठी माणसाला जबाबदार धरले आहे आणि त्याचा जनमानसावर मोठा परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु येथे माणूस समुद्राला भेटतो तो दूरचा अपराधी म्हणून. त्या क्षणी समुद्रात सर्वांत जवळ असलेला माणूस, म्हणजे कॅमेरा धरणारा, या हिशेबातून वगळला जातो.

५. 'माय ऑक्टोपस टीचर' : शिष्याचा कॅमेरा

'ब्लू प्लॅनेट २' मधील एक प्रसंग येथे दुवा म्हणून उपयोगी पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत केल्प या उंच वाढणाऱ्या सागरी शैवालाची जंगले आहेत. तेथील एक ऑक्टोपस पायजमा शार्कपासून बचाव करण्यासाठी शिंपले आणि दगड अंगाभोवती गोळा करून स्वतःला झाकून घेतो. या चित्रणाला क्रेग फॉस्टर या चित्रपटकाराचे साहाय्य लाभले होते. तीन वर्षांनी प्रदर्शित झालेल्या 'माय ऑक्टोपस टीचर' मध्ये त्याच जंगलातील, त्याच जातीच्या जिवाचे तेच वर्तन पुन्हा दिसते. फरक असा की मालिकेत तेथे माणूस नव्हता आणि या चित्रपटात तो कथेचा नायक आहे. एकच घटना एकदा निसर्गाचे रहस्य म्हणून आणि एकदा मैत्रीच्या कथेतील प्रसंग म्हणून सांगितली जाते, ही बाब निसर्गपट ही रचना असते याचा निर्णायक पुरावा ठरते.

पिपा अर्लिक आणि जेम्स रीड दिग्दर्शित या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. थकून गेलेले फॉस्टर रोज थंडगार पाण्यात उतरतात. स्कूबाचे नळकांडे नाही, अंगावर ऊबदार पोशाखही नाही. केवळ रोखलेला श्वास. स्कूबाने दिलेला दीर्घ वेळ आणि त्यासोबत येणारे बुडबुडे, दोन्हींचा हा जाणीवपूर्वक त्याग आहे. मोबदल्यात एक वेगळा वेळ मिळतो : एका बुडीतील अर्धा तास नव्हे, तर त्याच स्थळी रोज परतण्याचे वर्ष. मादी ऑक्टोपस हळूहळू आपला बाहू पुढे करून त्यांच्या हाताला स्पर्श करते. शार्क तिचा एक बाहू तोडतो, तो पुन्हा उगवतो आणि अखेर अंडी घालून ती मरते.

या चित्रपटाची भावनिक शक्ती मान्य करूनही दोन आक्षेप नोंदवणे क्रमप्राप्त आहे. पहिला आक्षेप एकान्ताचा. निवेदन एकट्या माणसाच्या साधनेचे आहे. परंतु ज्या चौकटींत फॉस्टर स्वतः पाण्यात पोहताना दिसतात त्या टिपणारी दुसरी व्यक्ती तेथे असलीच पाहिजे. चित्रपटाच्या छायालेखनाचे श्रेय रॉजर हॉरॉक्स यांना दिलेले आहे, पण कथेत या दुसऱ्या कॅमेऱ्याला स्थान नाही. 'ब्लू प्लॅनेट' ने सर्व पाणबुडे पुसले. येथे एक वगळून बाकीचे पुसले गेले. दुसरा आक्षेप अर्थाचा. ऑक्टोपसच्या आयुष्याला अर्थ प्राप्त होतो तो माणूस त्यातून सावरतो म्हणून, त्याचे मुलाशी नाते पुन्हा जुळते म्हणून. शिष्यत्वाची ही भाषा नम्र आहे खरी, पण तीत गुरूला स्वतःचा असा हेतू उरत नाही.

तरीही या चित्रपटात एक प्रसंग असा आहे की ज्यामुळे तो उर्वरित दोन कलाकृतींच्या पुढे जातो. फॉस्टर यांच्या हातून कॅमेऱ्याचे भिंग पडते. ऑक्टोपस दचकून आपले बीळ सोडून पळते आणि मग कित्येक दिवस ते तिचा शोध घेत राहतात. सबंध सागरी अनुबोधपटाच्या परंपरेत हा क्षण महत्त्वाचा मानला पाहिजे. येथे कॅमेरा हा केवळ डोळा राहत नाही. तो पडणारी, भीती घालणारी, घर सोडायला लावणारी वस्तू होतो. चित्रित होणाऱ्या जिवाने चित्रणाला दिलेला नकार चित्रपटाने स्वतःमध्ये सामावून घेतला आहे. 'भेट' या शब्दाला खरा अर्थ प्राप्त होतो तो स्पर्शाच्या प्रसिद्ध दृश्यात नव्हे, तर या पलायनात. कारण स्पर्शाच्या वेळी तिच्या मनात काय आहे याची आपण कल्पना करतो, पळताना मात्र तिचे म्हणणे स्पष्ट असते.

६. मालवणच्या पाण्यात

हा विचार परदेशी कलाकृतींपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आपल्या उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तो वाद दीर्घकाळ चालला. पुढे याच किनाऱ्यावर स्कूबा पर्यटन वाढले आणि अनेक स्थानिक तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. पोहता न येणारा पर्यटकही प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जातो आणि वर येताना त्याला हवी असते ती आपली चित्रफीत. स्वस्त आणि छोट्या कॅमेऱ्यांमुळे ती सहज मिळते.

या चित्रफितीची रचना जवळजवळ ठरलेली असते. मध्यभागी पर्यटकाचा चेहरा आणि हाताची खूण, भोवती मासे, मागे प्रवाळ आणि वर चढवलेले एखादे चित्रपटगीत. तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. ज्या समाजाला समुद्र केवळ किनाऱ्यावरून ठाऊक होता त्यातील सामान्य माणूस प्रथमच पाण्याखाली पाहत आहे, ही घटना मोठी आहे. परंतु तिचे व्याकरण कोठून आले, हे पाहिले असता जोजोचे स्मरण होते. पर्यटनस्थळी मासे चौकटीत यावेत म्हणून त्यांना खाद्य दाखवण्याची पद्धत जगभर आढळते. आमिष दाखवून मिळवलेली जवळीक मैत्री म्हणून साजरी करण्याचा प्रघात सत्तर वर्षांनीही टिकून आहे. बदल एवढाच की आता तो प्रवाळावर पाय ठेवून उभ्या राहणाऱ्या नवख्याच्या हाती आला आहे.

येथे आणखी एक उणीव जाणवते ती भाषेची. केंड, हेकरू, शेवंड, मुशी ही नावे आणि त्यांसोबत येणारे ऋतूंचे, खडकांचे व प्रवाहांचे ज्ञान कोकणातील मच्छीमारांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याने हा जीव जाळ्यात, बाजारात आणि ताटात पाहिला आहे, त्याची भेट परदेशी पाणबुड्याच्या भेटीहून वेगळी असणार. तीत आश्चर्य कमी आणि परिचय अधिक असेल. तीत मारणे आणि जपणे या दोहोंचा हिशेब एकत्र असेल. मालवणच्या समुद्राचे चित्रण करणाऱ्याने हा आवाज निवेदनात आणला, तर तीन अनुबोधपटांत न आढळणारी चौथी भूमिका पुढे येऊ शकेल : विजेता नव्हे, अदृश्य नव्हे, शिष्यही नव्हे, तर शेजारी.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की पाण्याखालील चित्रण तटस्थ असू शकत नाही. त्यातील रंग, अंतर आणि ध्वनी हे तिन्ही घटक माणसाच्या साधनांनी घडतात. दुसरा असा की 'मौनाचे जग' पासून 'माय ऑक्टोपस टीचर' पर्यंतचा प्रवास हिंसेच्या बाबतीत निश्चितच प्रगतीचा आहे. मात्र स्वतःच्या हस्तक्षेपाची कबुली देण्याच्या बाबतीत तो तसा नाही. ज्या काळात माणूस समुद्रात सर्वाधिक क्रूर होता त्या काळात त्याचा हात चौकटीत दिसत होता. जसजसा तो सौम्य झाला तसतसा तो चौकटीतून नाहीसा झाला. अदृश्यतेला निरपराधित्व समजण्याची चूक प्रेक्षकाकडून येथेच होते.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. वर्गात असा अनुबोधपट दाखवताना त्यातील माशाचे नाव आणि त्याचे वर्तन विचारणे योग्यच आहे. त्याबरोबर विद्यार्थ्याला आणखी तीन प्रश्न विचारले जाणे अगत्याचे वाटते : हा प्रकाश कोणी आणला, हा आवाज कोठे तयार झाला आणि या जिवाला निघून जायचे असते तर ते चित्रपटाने दाखवले असते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे होकारार्थी येते तेथेच 'भेट' हा शब्द वापरण्याचा अधिकार कलाकृतीला प्राप्त होतो. तेथे नसेल, तर ते उत्कृष्ट दर्शन असेल, उपयुक्त ज्ञान असेल. भेट मात्र नसेल.